इंदुरातून कुमारांसाठी अद्भुत कादंबऱ्या: 'येऊन राहिलंय' ठेवू की 'येतंय' करू?

अर्धविराम (इंदूर)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज मात्र तुमचा सल्ला हवाय.

मी आणि माझी मावसबहीण मिळून इंदुरात एक छोटं प्रकाशन चालवतो. रामबागेतल्या आमच्या जुन्या घराची पुढची खोली हेच ऑफिस, हेच गोदाम आणि पुस्तकं बांधायची जागाही हीच. आम्ही एकाच जातीची पुस्तकं काढतो: १२ ते १७ वयाच्या मुलांसाठी मराठी कादंबऱ्या, त्याही विज्ञानकथा, अद्भुतकथा, 'असं झालं तर?' या प्रश्नातून निघालेल्या. चार वर्षांत तीन पुस्तकं झाली. चौथ्याचं हस्तलिखित समोर आहे आणि मी अडकले आहे.

कादंबरी इथल्याच एका शिक्षिकेची, तिची पहिलीच. इंदूरकरांना माहीत आहे, आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून पंपांनी घाट चढवून आणतात. कादंबरीत एके दिवशी हे पाणी वर चढायचं विसरतं. पंप चालू, वीज आहे, पाइप धड आहे, पण पाणी चढत नाही. आणि रामबागेतल्या १४ वर्षांच्या मुलीला रिकाम्या पाइपात कान लावला की आवाज ऐकू येतात. पुढचं सांगत नाही. मी रात्री दीडपर्यंत वाचत बसले होते, आणि संपल्यावर स्वयंपाकघरात जाऊन नळ उघडून पाहिला.

अडचण भाषेची आहे. कादंबरी त्या मुलीच्याच तोंडून आहे आणि ती आपल्या इंदुरी मराठीत बोलते. दुसऱ्या पानावरचं वाक्य देते:

'आजी, नळाला पाणी येऊन नाही राहिलं. पण पाइपात कोणी बोलून राहिलंय.'

महाराष्ट्रातल्या एका वितरकाला पहिली तीन प्रकरणं पाठवली होती. त्यांचा निरोप आला: विषय उत्तम आहे, १५० प्रती लगेच उचलतो, पण भाषा शुद्ध करून घ्या. वर नमुनाही करून पाठवला: 'आजी, नळाला पाणी येत नाहीये. पण पाइपमध्ये कुणीतरी बोलतंय.'

आमच्यासारख्यांना १५० प्रती म्हणजे मोठा आधार आहे. लेखिका म्हणते, तुम्ही ठरवाल ते मान्य. म्हणून तर जास्तच जड जातंय. काय करू?

---

शेवपोहे (इंदूर)

ठेवा! विचारून काय राहिलात, ताई! :)

---

मनमाडजंक्शन (नाशिक)

शेवपोहे, उत्साह समजतो, पण मी वितरकाच्या बाजूने बोलणार आहे. ताई, राग मानू नका.

माझी दोन मुलं मराठी माध्यमात आहेत. आधीच अवांतर वाचनाला वेळ कमी. त्यात पहिल्याच पानावर अनोळखी क्रियापदं आली तर पुस्तक खाली ठेवायला त्यांना निमित्त मिळेल. शिवाय ग्रंथालयात पुस्तक निवडणारे शिक्षकच असतात. 'बोलून राहिलंय' दिसलं की हिंदी वाक्य मराठीत आणलंय म्हणून ते पुस्तक बाजूला पडणार. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही वाट आपल्याकडे जुनी आहे, मळलेली आहे. तीच धरा, दोन्ही साधेल.

---

वऱ्हाडीठेचा (अकोला)

मनमाडजंक्शन, 'काय करून राहिला' हे आमच्या वऱ्हाडात रोज बोलतात. आमच्या आजीला हिंदी येत नव्हतं, तरी ती असंच बोलायची. त्यामुळे हे फक्त हिंदीवरून आलं म्हणून सोडून देता येणार नाही. अकोला, अमरावती, नागपूरपासून इंदुरापर्यंत एवढ्या मोठ्या पट्ट्यात मराठी माणूस असा बोलतो. एवढ्या लोकांच्या तोंडी असलेलं क्रियापद अनोळखी कसं म्हणायचं?

---

अर्धविराम (इंदूर)

मनमाडजंक्शन, राग कसला! तुमच्या मुलांच्या हातात पुस्तक टिकावं हीच माझीही धडपड आहे.

पण तुमची मळलेली वाट इथे बंद आहे. निवेदनही त्या मुलीचंच आहे, सगळी कादंबरी 'मी'मध्ये. तीच मुलगी बोलताना एक आणि मनात दुसरी, असं केलं तर ती दोन माणसं होतील.

आणखी एक. 'पाणी येत नाहीये' ही नुसती खबर झाली. 'येऊन नाही राहिलं' यात आजी बादली घेऊन पहाटे साडेपाचपासून उभी आहे, ते उभं राहणं आहे. बदल करून पाहिला, आजी गेली आणि खबर उरली.

---

सुरसागर (बडोदे)

बडोद्याहून लिहितोय. ताई, तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी आमच्याकडे नाही. इंदूरच्या मुलाची शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची असेल, पण देवनागरी त्याच्या सवयीची आहे. घरी मराठी ऐकतो, बाहेर देवनागरी वाचतो. या दोन गोष्टी एका पुस्तकात आणल्या की झालं. माझी नात गुजरातीत वाचते. देवनागरी हिंदीच्या तासाला शिकली, पण वाचताना अडखळते. मराठी पुस्तक मीच मोठ्यानं वाचतो आणि ती ऐकते.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणून बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं. मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे फिरती ग्रंथालयं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवायचे. वाचक येईल म्हणून वाट पाहत बसायचं नाही, पुस्तकानं उठून जायचं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाच्या पेट्या पाहिल्या तेव्हा मला त्याच पेट्या आठवल्या. तुम्हीही अशा चार-पाच पेट्या करा. एक लोकमान्य नगरात, एक सुदामा नगरात, एक देवासला. तुमची तीन पुस्तकं आणि सोबत बाकीच्यांची चांगली कुमार पुस्तकं.

---

हिशेबनीस (पुणे)

भाषेवर बोलायला इथे जाणकार आहेत, मी पैशाचं विचारतो. १५० प्रती वितरक किती सवलतीनं उचलणार? परतीची अट आहे का? त्या १५० चा मोह किती धरायचा ते यावरच ठरेल.

आणि छपाईचा खर्च धरताना एक विसरू नका. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण त्यामुळेच कागदावर आणि छपाईवर भरलेला कर आपल्याला परत मिळत नाही. तो प्रतीच्या खर्चातच धरा. नवे प्रकाशक इथे हमखास चुकतात.

---

अर्धविराम (इंदूर)

हिशेबनीस, सगळं उघडं मांडते. यात लपवण्यासारखं काही नाही, आणि आणखी कोणी या वाटेला येणार असेल तर उपयोगी पडेल.

डेमी आकार, १७६ पानं, म्हणजे १६ पानांचा एक फॉर्मा (एकत्र छापला जाणारा ताव), असे ११ फॉर्मे. ७० जीएसएमचा पिवळसर कागद, मुखपृष्ठ आर्टकार्डवर, मॅट लॅमिनेशन. ५०० प्रतींना कर धरून प्रत ७८ रुपयांना पडते. किंमत २२० ठेवायचा विचार आहे.

वितरक ५० टक्के घेणार, म्हणजे हातात ११०. लेखिकेचं मानधन छापील किमतीच्या १० टक्के, म्हणजे २२. उरले ८८. त्यातून छपाई ७८. प्रतीमागे १० रुपये राहिले, आणि त्यात मुखपृष्ठाचं चित्र, मुद्रितशोधन, वाहतूक. शिवाय न खपलेल्या प्रती सहा महिन्यांनी परत, वाहतूक आमच्याकडे. मागच्या पुस्तकाच्या प्रती परत आल्या तेव्हा कोपरे दुमडलेले होते. त्या आम्ही शाळांना भेट दिल्या.

तीच प्रत मी स्वतः थेट विकली तर २२० वजा २२ वजा ७८, म्हणजे १२० उरतात. टपाल वेगळं घेते. गणेशोत्सवात दोन मंडळांच्या मांडवात टेबल लावलं होतं, तिथे दहा दिवसांत ६४ प्रती गेल्या. तेवढ्याच प्रती वितरकाकडून जायला अकरा महिने लागले होते.

लिहिता लिहिता माझ्याच लक्षात आलं की त्या १५० प्रतींचे मला सगळे मिळून १५०० रुपये मिळणार आहेत. तेही परत आल्या नाहीत तर.

---

हिशेबनीस (पुणे)

मला हेच तुमच्याकडून यायला हवं होतं. १५०० रुपयांसाठी भाषा बदलायची का, प्रश्न आता एवढाच आहे.

---

मनमाडजंक्शन (नाशिक)

हिशेबनीस, नुसता नफा बघून चालेल का? वितरकामुळे पुस्तक सांगली-लातूरच्या दुकानात दिसतं. इंदुरात असे वाचक आहेत तरी किती? ५०० प्रती रामबागेत संपणार आहेत का?

---

लोकमान्यनगर (इंदूर)

भाऊ, इंदूरला तीनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालंय. १९१७ ला, १९३५ ला आणि २००१ ला. २००१ च्या अध्यक्षा विजया राजाध्यक्ष होत्या. आम्ही स्वयंसेवक होतो, बिल्ला अजून जपून ठेवलाय. वाचक नाहीत असं म्हणू नका, आम्हाला लागतं.

पण एक कबूल करतो. त्या वेळी मांडवात आमच्यासारखेच होते, आईबाप, आजी-आजोबा. आमची पोरं सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खायला गेली होती. त्यांच्या वयाचं काही त्यांना दाखवलंच नाही आम्ही. लहानपणी चांदोमामाची गाणी आणि मग एकदम जाडजूड ऐतिहासिक कादंबरी. मधली सहा वर्षं मोकळी. त्या सहा वर्षांत पोरं हिंदी-इंग्रजीकडे गेली ती गेली. अर्धविराम, तुम्ही त्या मोकळ्या जागेत उभ्या आहात. माझ्याकडून २० प्रती धरा, यंदा वाढदिवसाला सगळ्यांना हेच देणार.

---

टपालखातं (भोपाळ)

थेट विक्रीचा विषय निघालाय म्हणून. टपाल खात्यानं १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केलंय, खास पुस्तकांसाठी. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. जमिनीच्या मार्गानं जातं म्हणून वेळ लागतो, पण पाकीट कुठवर गेलं ते कळतं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं. आत जाहिराती नकोत, स्वतःच्या पुस्तकांची यादी चालते. मासिकं, नियतकालिकं यात बसत नाहीत.

तुमचं १७६ पानी पुस्तक २०० ग्रॅमच्या आसपास भरेल. फुगे असलेलं प्लास्टिक आणि जाड पुठ्ठा दोन्ही वापरलं तर ३०० ला टेकेल. घरच्या काट्यावर रिकामं पाकीट आधी तोला.

---

अर्धविराम (इंदूर)

टपालखातं, लगेच तोललं. पुठ्ठ्याच्या पाकिटासकट २६२ ग्रॅम! खूप आभार. आतापर्यंत कुरियरला प्रतीमागे ६०-७० जात होते.

---

खिळेजुळणी (इंदूर)

वय ७४. छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यापासून संगणकापर्यंत सगळं या हातांनी केलंय. खजुरी बाजारात उभं आयुष्य गेलं. ताईंना भाषेबद्दल सल्ला देणार नाही, पण भाषा कशी छापायची ते सांगतो.

इथला ऑपरेटर हिंदीवर तयार झालेला असतो, मुलगा हुशार असला तरी त्याच्या बोटांना हिंदीची सवय. 'की' दिसला की 'कि' करतो. 'वेळ' चं 'वेल' होतं. 'सुऱ्या' चा 'सुर्या' होतो आणि चाकू-सुऱ्यांचा सूर्य उगवतो. अक्षरांची वळणंही पाहा. महाराष्ट्र शासनाचा ६ नोव्हेंबर २००९ चा निर्णय आहे: ल पाकळीचा, श देठाचा. हिंदी फाँटमध्ये ल दंडाचा आणि श गाठीचा येतो. मूल वाचेल, अर्थही लागेल, पण पान मराठी दिसणार नाही. आजच्या बऱ्याच युनिकोड फाँटांत दोन्ही वळणं असतात, मजकुराची भाषा मराठी निवडली की मराठी वळण आपोआप येतं. पानं मांडायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर असेल तर त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

बोलीतल्या पुस्तकाला हे दुप्पट सांभाळावं लागतं. प्रमाण भाषेतली चूक कोणीही पकडतो. बोलीत चूक झाली की लोकांना वाटतं लेखिकाच असं बोलते.

---

अर्धविराम (इंदूर)

काका, तुमचं शेवटचं वाक्य मी टेबलासमोर लिहून चिकटवलंय.

'कि' चं आम्ही भोगलंय. पहिल्या पुस्तकाच्या वेळी शेवटचं प्रूफ मी स्वतः तपासून दिलं. त्यानंतर तिथे कोणीतरी हिंदी शब्दतपासणी चालवली. सगळ्या 'की' चे 'कि' झाले. मी सहज म्हणून छापखान्यात गेले होते. मशीनमधून निघालेला ताव हातात घेतला, अजून गरम होता, आणि पहिल्याच ओळीत 'तिला वाटलं कि'. चार फॉर्मे छापून झाले होते. ते चारही फॉर्मे स्वखर्चानं पुन्हा छापले. बहीण म्हणाली, मुलांना कळणार नाही. मी म्हटलं, म्हणूनच पुन्हा छापायचे. ज्याला शाळेत मराठी शिकवायला कोणी नाही, तो 'की' आपल्या पुस्तकातूनच शिकणार आहे.

---

मनमाडजंक्शन (नाशिक)

मग हाच न्याय 'बोलून राहिलंय' ला लावा ना! ज्याला शाळेत मराठी नाही, तो तेच शिकणार.

---

अर्धविराम (इंदूर)

तुमचा मुद्दा खरंच टोचला, रात्रभर डोक्यात होता. उत्तर असं सुचलं: 'कि' कोणत्याच मराठी माणसाच्या तोंडी नाही, ती यंत्राची चूक आहे. 'बोलून राहिलंय' माझ्या आजीच्या तोंडी आहे. ते मुलं पुस्तकातून शिकणार नाहीत, ते घरूनच घेऊन आलेली आहेत. पुस्तकात ते दिसलं तर त्यांना पहिल्यांदा कळेल की आपण घरी बोलतो ते लिहिताही येतं.

---

उडतीतबकडी (ठाणे)

किती छान धागा! थोडं विज्ञानकथेकडे नेते.

इंदूरकरांनो, भा. रा. भागवत तुमच्याच गावात जन्मले, १९१० मध्ये. ज्यूल व्हर्नच्या कथा मराठी मुलांच्या हातात दिल्या त्या त्यांनी. 'बालमित्र' मासिकही चालवलं. मराठी मुलाला समुद्राच्या तळाशी आणि चंद्रावर नेणारा माणूस इंदूरचा, त्यामुळे ताई, तुम्ही हे काम तिथून करताय यात मला काहीच नवल वाटत नाही.

आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. जन्म कोल्हापूरचा, पण वाढले बनारसला, म्हणजे हिंदी मुलखातलं मराठी घर. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नावामुळे परीक्षकांवर दडपण येऊ नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. यावरून सुचवते: तुमच्याकडे येणारी हस्तलिखितं नाव झाकून वाचा. गाव, वय, पदवी काहीच दिसू देऊ नका.

एक प्रश्न: मुखपृष्ठावर या प्रकाराला तुम्ही काय म्हणता? 'विज्ञानकथा' म्हटलं तर पाइपातले आवाज त्यात बसत नाहीत, 'परीकथा' म्हटलं तर १५ वर्षांचा मुलगा हात लावणार नाही.

---

अर्धविराम (इंदूर)

उडतीतबकडी, नाव झाकून वाचायची कल्पना उद्यापासून सुरू.

मुखपृष्ठावर आम्ही फक्त 'कुमार कादंबरी' लिहितो. मागे एकच प्रश्न छापतो. यावेळी: 'पाणी वर चढायचं विसरलं तर?'

---

करारमदार (मुंबई)

वकील आहे, प्रकाशन करार पाहते. एक विचारू? लेखिकेशी लेखी करार झालाय का? 'तुम्ही ठरवाल ते मान्य' ही तोंडी परवानगी भाषा बदलायला पुरेशी धरू नका. आणि उद्या हिंदी आवृत्तीची विचारणा आली तर?

---

अर्धविराम (इंदूर)

ताई, हिंदी विचारणा आलीच आहे. एका हिंदी प्रकाशकानं पत्र पाठवलंय, 'सर्वाधिकार' द्या म्हणून. लेखिकेशी आमचं एक पानी पत्र आहे, त्यात मानधनाचा टक्का आहे, बाकी काही नाही.

---

करारमदार (मुंबई)

मग नीट वाचा. स्वामित्व हक्क कायदा १९५७, कलम १९. हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर, तो मूळ मालकाकडे परत जातो. म्हणजे कायदा लेखिकेच्या बाजूनं उभा आहे, पण लिहिलेलं असलं की भांडणच होत नाही.

'सर्वाधिकार' या एका शब्दात अनुवाद, ध्वनिपुस्तक, चित्रपट सगळं जातं. देऊ नका. हिंदी अनुवादाचा हक्क, ठरावीक वर्षांसाठी, ठरावीक टक्क्यानं, एवढंच द्या, आणि तोही लेखिकेच्या सहीनं. पहिल्या कादंबरीची लेखिका तुमच्यावर विश्वास टाकून आहे, तिचं उद्याचं तुम्हीच जपायचं.

शिवाय दोन कामं, दोन्ही सोपी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन फुकट मिळतो, कुणा मध्यस्थाला पैसे देऊ नका. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर तीन सार्वजनिक ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते. लहान प्रकाशक हे राहू देतात. तुम्ही पाठवा. पन्नास वर्षांनी कोणी इंदूरची मराठी शोधायला निघालं तर तिथे सापडेल.

---

सुरसागर (बडोदे)

मुखपृष्ठाचं कोण करतंय? इंदूरच्या कला महाविद्यालयात देवळालीकर गुरुजींच्या हाताखाली चित्रकार बेंद्रे शिकले, हुसेन शिकले. पुढे बेंद्रे आमच्या बडोद्याला आले आणि इथल्या ललित कला विभागात पिढ्या घडवल्या. यंत्राकडून चित्र करून घेऊ नका, त्या महाविद्यालयाच्या फलकावर चिठ्ठी लावा. रामबागेचा नळ ज्यानं पाहिलाय त्यानंच तो काढावा.

---

नववी_ब (इंदूर)

नमस्कार. आईच्या खात्यावरून लिहून राहिलेय, तिला विचारूनच.

मी अर्धविराम मावशींचं दुसरं पुस्तक वाचलंय, ते ग्रहावरच्या शाळेचं. आवडलं. पण त्यात एक शब्द होता 'किंकर्तव्यमूढ', तो मी, आई आणि बाबा तिघांनाही आला नाही. आजोबांना फोन केला. तेव्हा त्या वितरक काकांना विचारा, 'बोलून राहिलंय' कठीण आहे का तो शब्द कठीण आहे.

सगळे बोलून राहिलेत की मुलं वाचत नाहीत. माझ्या वर्गातल्या मुली इंग्रजीत ५०० पानी पुस्तकं वाचतात, ड्रॅगनची, स्पेसची. मराठीत काय वाचू विचारलं की मोठे लोक सशाचं चित्र असलेलं पुस्तक देतात. मी १४ वर्षांची आहे.

अजून दोन गोष्टी. शेवटी तात्पर्य नको. आणि पुस्तक जाड ठेवा, बारीक पुस्तक दिसलं की वाटतं शाळेचं आहे.

पाइपात कोण बोलतं ते सांगू नका, मी वाचणार आहे.

---

शेवपोहे (इंदूर)

नववी_ब, बेटा, पोहे-जिलेबी माझ्याकडून. वितरकाला हेच पत्र जसंच्या तसं पाठवा ताई.

---

जिवाजीगंज (ग्वाल्हेर)

आमच्याकडे १९६१ ला संमेलन झालं, कुसुमावती देशपांडे अध्यक्षा होत्या. माझी आई सांगायची. आज माझ्या मुलाला मराठी कळतं, पण वाचायला तो कुरकुरतो. नववी_ब चं पत्र त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. 'ही तर आपल्यासारखी बोलते' म्हणाला आणि पाइपात कोण आहे ते विचारून राहिलाय. एक प्रत ग्वाल्हेरला. टपाल लागेल ते देते.

---

मनमाडजंक्शन (नाशिक)

काल माझ्या मोठ्या मुलाला ती दोन वाक्यं दाखवली, दोन्ही नमुने, कुठलं कुणाचं ते न सांगता. त्यानं पहिलं निवडलं. कारण विचारलं तर म्हणाला, 'दुसऱ्यात कुणीच घाबरलेलं नाही.'

शिक्षकांबद्दलचं माझं म्हणणं अजून तसंच आहे. ग्रंथालयांची अडचण येईल, तयारी ठेवा. पण मला तीन प्रती पाठवा. एक मुलांच्या शाळेच्या ग्रंथपालबाईंना मी स्वतः नेऊन देईन आणि त्यांच्याशी बोलेन. आणि शेवटी शब्दांची यादी मात्र देऊ नका. यादी दिली की पुस्तक परकं वाटतं.

---

अर्धविराम (इंदूर)

मनमाडजंक्शन, तुमच्या मुलाचं ते वाक्य लेखिकेला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही.

ठरलं. वितरकाला काल नम्रपणे नकार कळवला. ५०० ऐवजी ३०० छापतोय. प्रत महाग पडेल, ९१ रुपये, पण दारात परतीचे गठ्ठे येणार नाहीत. किंमत २२० च ठेवणार. करारमदार ताईंच्या सांगण्यावरून लेखिकेशी नीट चार पानी करार केला, हिंदीचा हक्क तिच्याकडेच ठेवलाय. सुरसागर काका, चिठ्ठी फलकावर लागली, दोन मुली आणि एक मुलगा नमुने घेऊन येतायत. पेट्यांसाठी सुताराला सांगितलंय, आधी दोनच. खिळेजुळणी काका, शेवटचं प्रूफ तुम्ही डोळ्यांखालून घालाल का? तुम्हाला रामबागेत आणायला गाडी पाठवते.

शब्दांची यादी नाही. तात्पर्य नाही. पानं १७६ चीच आहेत नववी_ब, पण कागद जरा फुगीर घेतेय, जाड दिसेल.

छापायला देण्याआधी पहिली दोन प्रकरणं मोठ्यानं वाचून बघायची आहेत, रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या अंगणात. नववी_ब, तू वाचशील का?

---

नववी_ब (इंदूर)

हो!! आजीला आणू का? ती म्हणून राहिलीये की पाइपातला आवाज तिनं खरंच ऐकलाय, लहानपणी, नर्मदेकाठी मंडलेश्वरला.

---

खिळेजुळणी (इंदूर)

प्रूफ पाहीन. गाडी पाठवू नका, रामबाग मला चालत जवळ आहे. रविवारी आजींचं ऐकायला मीही येतो.